बंद दिवसांचा भाव

“ही रेघ इथे अशी का?” असं म्हणत मॅडमनी पेन्सिलीचं मागचं टोक माझ्या लॅपटॉपवर टेकवलं, तेव्हा मला वाटलं त्यांना उडी दिसली. माझा आलेख पाहणाऱ्या सगळ्यांना आधी उडीच दिसायची. उडी म्हणजे खरं तर पडझड. लाखनीच्या बाजारात धानाचा भाव वर्षानुवर्षं थोडा वर, थोडा खाली असा चालत आलेला, आणि एका दिवशी अचानक खोल खाली गेलेला. छोट्या बाजारातसुद्धा अशा उड्या असतात, त्या मोठ्या बाजारांच्या सूत्रांनी पकडता येतात, आणि त्या धरल्या नाहीत तर जोखीम कमी मोजली जाते, असं माझं म्हणणं होतं. सगळा प्रबंध त्या म्हणण्यावर आणि ते म्हणणं जवळजवळ सगळं त्या एका पडझडीवर उभं होतं. पण मॅडमची पेन्सिल उडीच्या अलीकडे होती. तिथे रेघ थोडी आडवी झोपली होती. इतकी थोडी की मी कधी पाहिली नव्हती. “सुट्टी असेल,” मी म्हणाले. “असेल की आहे?” मी आलेख मोठा करून पाहू लागले. “शुक्रवारी तू घरून ऑनलाइन मांडशील तेव्हा तुला नोकरी देणाऱ्या कंपनीची माणसंही असतील, ती विचारतील. तू घरीच जाते आहेस ना? मग तिथे विचारून घे. तुझ्याच गावचा बाजार आहे.” एवढं बोलून मॅडम पुढच्या टेबलाकडे वळल्या. एवढंच झालं. माझे हात गार पडले होते, पण आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचेच हात गार असतात. मशीनं तापू नयेत म्हणून तिथे माणसं गोठवतात.

मी काय शिकते ते घरी कोणाला धड सांगता आलं नाही, मलाही नाही. क्वांटिटेटिव्ह फायनान्स म्हटलं की सानगडीची रुखमिणी मावशी म्हणते, “म्हंजे शेअर मार्केट नं? मंग सांग नं कोनता घेऊ.” मी तिला सांगते की आम्ही कोणता घ्यायचा ते शिकत नाही, घेतल्यावर किती वाईट होऊ शकतं ते शिकतो. यावर मावशी म्हणते, “ते तं मले फुकट मालूम हाय.” शहरातल्या वर्गात असं कोणी बोलत नाही. तिथे सगळे थकलेले, हुशार आणि सभ्य आहेत. दर आठवड्याला गणितांचा एक संच येतो, तो सोडवेपर्यंत पुढचा येऊन बसलेला असतो. मुलाखतीच्या तयारीसाठी जेवताना एकमेकांना फाशांची आणि नाण्यांची कोडी घालतात. पहिल्या सत्रात मी वर्गात तोंड उघडलं नाही, कारण माझ्या डोक्यात उत्तर आधी गणितात येई, मग आमच्या बोलीत, मग मराठीत, मग इंग्रजीत, आणि तोवर कोणीतरी ते सांगून मोकळं झालेलं असे. दुसऱ्या सत्रात मधल्या दोन पायऱ्या गळाल्या. तिसऱ्या सत्रात मला स्वप्नंसुद्धा परीक्षेची पडू लागली आणि मी इतरांसारखी झाले. पहिल्याच सत्रात बाजाराचा विषय निवडताना इतरांनी न्यूयॉर्क घेतलं, सिंगापूर घेतलं. मी लाखनीचं धान घेतलं, कारण त्यावर कोणीच काही लिहिलेलं नव्हतं आणि मॅडमना नावीन्य आवडतं. वडिलांना, बाबूजींना, फोनवर सांगितलं तर ते हसत सुटले. “आमच्या बजारात काय हाय शिकासारखं? धान येते, लिलाव होते, धान जाते.” ते तिथले अडते. सगळे त्यांना भैयाजी म्हणत. शेतकऱ्याचा माल ते लिलावात उभा करून विकून देत. या ढिगावरून त्या ढिगाकडे जाताना मूठभर धान उचलून तळव्यात चोळत, फुंकर मारत, आणि मग बोली सुरू करत. त्यांचा आवाज घरी जेवढा लहान, तेवढा तिथे मोठा.

रोजचे भाव एका सरकारी संकेतस्थळावर मिळतात. ते ओढून आणायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. अशा कामात रिकाम्या जागा फार येतात: रविवार, सण, कधी नुसतंच कोणी भरायचं विसरलेलं. रिकामी जागा दिसली की आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढून तिथे ठेवायचा, ही आमच्याकडची सरसकट रीत आहे. पहिल्या महिन्यात शिकवतात, त्यानंतर त्यावर कोणी विचार करत नाही. माझ्या प्रोग्रामात त्यासाठी एक ओळ होती. ती मी बाबूजी जिवंत असताना लिहिली. पुढे तो प्रोग्राम आपोआप चालत राहिला, दर महिन्याला नवे भाव आणत राहिला, रिकाम्या जागा भरत राहिला. तारखाही तो खोडून टाकायचा आणि जागी नुसते क्रमांक लावायचा, कारण सूत्रांना तारीख लागत नाही, कशामागून काय आलं एवढंच लागतं. माझ्या सगळ्या आलेखांच्या खाली असे क्रमांक आहेत. मी ते वर्षभर पाहत होते. कधी एकदा तरी त्यांच्या तारखा करून पाहाव्यात असं मनात आलं नाही. आता वाटतं की मला त्या पाहायच्याच नव्हत्या, पण हे आता वाटतं आहे, तेव्हा वाटत होतं की मला वेळ नाही.

नागपूरहून लाखनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. भंडारा सोडल्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेतला. मॅडमचा प्रश्न दोन मिनिटांचा आहे, घरी पोचण्याआधी उरकून टाकू, असा माझा हिशोब. कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या दोन्ही बाजूंनी पळत होत्या, कुठे कुठे धानाची पुंजणी रचलेली होती. मी आडव्या रेघेचे क्रमांक घेतले, मूळ फाइल उघडली आणि त्यांच्या तारखा काढल्या. शुक्रवार, शनिवार रिकामे. रविवार तर बाजार नसतोच. सोमवारी पडझड. महिना नोव्हेंबर, गेल्या वर्षीचा. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, दिवाळी तर आधीच होऊन गेली होती, मग कसली सुट्टी? खरंच असं म्हटलं. मग पुन्हा तारीख वाचली. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय झालं वं बाई, मळमळते का?” आणि आपल्या पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. मी ते हुंगत बसले. मळमळत नव्हतं, पण त्यांना समजावून सांगण्यापेक्षा लिंबू हुंगणं सोपं होतं.

बाबूजी गेले तो गुरुवार होता. जेवून हात धुताना खाली बसले, आणि दवाखान्याच्या वाटेवर संपले. आमच्याकडे ती तारीख कोणी उच्चारत नाही. घरात तो दिवस कार्तिक वद्य दशमी आहे. यंदा अधिकमास आला म्हणून दशमी पुढे सरकून डिसेंबरात गेली, आणि मी आत्ता वर्षश्राद्धाला निघाले होते ते त्या सरकलेल्या दशमीसाठी. तारीख तर कधीच होऊन गेली होती. यंदा त्या तारखेला मी काय करत होते ते मला बसमध्ये आठवलं. लॅबमध्ये होते आणि याच भावांवर काम करत होते. संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ला. मला काहीच झालं नाही. कोणीतरी सांगायला हवं होतं असंही नाही, तारीख मला पाठ होती. फक्त ती दशमी नव्हती, म्हणून ती आली आणि निघून गेली. मग मागचं वर्ष आठवलं. शुक्रवारी सकाळपासून आमच्या अंगणात माणसं बसली होती. परसरामकाका, त्यांच्या शेजारच्या गाळ्यातले, वरच्या ओळीतले, बाजारातले सगळे अडते गुडघे जवळ घेऊन सतरंजीवर गप्प बसले होते. शनिवारीही तेच. मी चहाचे कप नेत होते, परत आणत होते. भर हंगाम, नवीन धान येण्याचे दिवस, आणि एकही अडत्या बाजारात नाही, याचं मला नवल वाटलं नाही. अडत्या गेला की राख सावडेपर्यंत बाजार उघडत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आपल्याच घरी ते घडत होतं तेव्हा मला फक्त कप मोजून परत आले का एवढंच दिसत होतं. तेरवीच्या आधी मी परीक्षेसाठी परत गेले. आईनेच पाठवलं. सगळे म्हणाले, मुलगी हिमतीची आहे. मलाही तसंच वाटलं. वर्षभर मी रडले नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होता.

घरी पोचले तर अंगणात परसरामकाका आणि माझा भाऊ भूपेंद्र मांडवाच्या काठ्या बांधत होते. बाबूजींची अडत आता भूपेंद्र चालवतो. हातपाय धुऊन मी बाहेर आले आणि काकांना विचारलं, बाबूजी गेले तेव्हा सोमवारी बाजार कसा होता? काकांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. “सोमवार? नोको इचारू. दोन दिस बंद, तिसरा इतवार. धान घेऊन आलेले लोक कोठी जातीन? टॅक्टर पार रोडवर लागले होते. येवढा माल एकदम आल्यावर भाव कोन देते? पडला.” मग दोरीची गाठ आवळत म्हणाले, “लोकायचं नुकसान झालं थोडं. पन कोनी बोललं नाई. भैयाजीसाठी होतं नं.” भूपेंद्र माझ्याकडे पाहत होता. “काहून इचारून राहिली?” मी म्हणाले, अभ्यासासाठी. ते खरंच होतं.

म्हणजे उडी नव्हतीच. सोमवारचा भाव गुरुवारपासून हळूहळू, न दिसता, मालाच्या ओझ्याखाली खाली जात होता. माझ्या प्रोग्रामने तीन दिवस तो जागीच धरून ठेवला आणि सोमवारी एकदम सोडून दिला. रिकामे दिवस रिकामेच ठेवून हिशोब केला तर त्या पडझडीत नवल काही उरत नव्हतं. छोट्या बाजारातली जोखीम म्हणून मी जे पकडलं होतं ते बाबूजींचं सुतक होतं. आणि हे बोलले तर शुक्रवारी माझ्याकडे दाखवायला काय उरणार, हेही मला लगेच कळलं. त्या कंपनीने जोखीम विभागातली एक जागा माझ्यासाठी जवळजवळ ठरवली होती. प्रबंधाचा मसुदा वाचूनच. त्यातली उडी वाचून.

मी प्रविणला फोन केला. प्रविण तुमसरचा, वर्गात जिल्ह्यातले आम्ही दोघंच. तिथे तो फार शुद्ध बोलतो, माझ्याशी फोनवर नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. “मंग सुट्टी होती म्हन नं. खोटं थोडी हाय? बजार बंद होता का नाई?” “होता.” “झालं तं मंग. मार्केट हॉलिडे. समदेच तसं भरतेत, मीबी भरतो. कोन मेल्यानं बंद होता हे तिथं कोनाले पडलं हाय?” आणि बोलून तो थांबला. “सॉरी यार, दामिनी. माया तोंडाले काही...” “नाही, बरोबर आहे तुझं,” मी म्हणाले. आणि खरंच त्याचं बरोबर होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. सुट्टी हा शब्द वापरला असता तर एका शब्दात सगळं झाकलं गेलं असतं: रेघ, उडी, नोकरी, सतरंजीवर बसलेली ती माणसं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली ती पकडले जाण्याची नव्हती, कारण कोणी पकडणार नव्हतं. मी तो शब्द सहज उच्चारीन याची होती. मॅडमसमोर उच्चारला होताच की. सुट्टी असेल, म्हणून.

शुक्रवारी दशमी. सकाळी भूपेंद्र ओलेत्याने पिंडांपुढे बसला. आई खांबाला टेकून पाहत होती. तिचं नाव शकुनबाई, पण बाबूजी गेल्यापासून तिला नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलेलं नाही. मावशा परातीपाशी वडे थापत होत्या, रुखमिणी मावशी सगळ्यांना कामं सांगत होती. मी गच्चीवरच्या खोलीत गेले, तिथे नेटवर्क बरं मिळतं. खालून गुरुजींचा आवाज येत होता, कढईत वडे पडल्याचा आवाज येत होता. मी ती ओळ काढली. रिकाम्या दिवसांत भरलेला भाव काढून टाकला, ते दिवस उघडे ठेवले आणि सगळा हिशोब पहिल्यापासून लावला. मशीनला वेळ लागतो. तेवढ्यात खालून हाक आली, “दामिनी, पाया पडाले ये.” मी खाली गेले, पाया पडले, तुळशीपत्र वाहिलं, वर आले. उडी गेलेली होती. आलेख आता इतका साधा झाला होता की पाहून मला माझ्या सगळ्या जागरणांचा राग आला. एका बाजूने मोकळंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

दुपारी पंगत बसलेली असताना माझी वेळ आली. खोलीचं दार लावून घेतलं. पडद्यावर मॅडम, वर्गातले काहीजण, आणि कंपनीचे दोघं: एक बाई, एक गृहस्थ. मी ठरवलेलं सगळं सांगितलं. गृहस्थांनी मसुद्याची पानं मागेपुढे केलेली मला ऐकू आली. “मसुद्यात इथे एक मोठी उडी होती. ती कुठे गेली?” मी सांगितलं की ती उडी नव्हती, बाजार बंद होता आणि मी बंद दिवस चुकीचे भरले होते. “बंद कशामुळे?” “बाजारातले एक अडते वारले होते. आमच्याकडे अडते गेले की बाजार बंद ठेवतात.” “इंटरेस्टिंग,” बाई म्हणाल्या. गृहस्थ म्हणाले, “हे संकेतस्थळावर नोंदलेलं नाही. याचा स्रोत काय?” ते अगदी योग्य विचारत होते. स्रोत विचारायलाच हवा, आम्हाला तसंच शिकवलं आहे. “मी त्यांच्या घरी होते,” मी म्हणाले. “ते माझे वडील.”  मग सगळे एकदम सॉरी म्हणाले आणि ते आवाज एकमेकांत अडकले. गृहस्थांनी विचारलं, “मग आता या प्रबंधात नवीन काय राहतं?” “फारसं नाही,” मी म्हणाले. मॅडमनी मध्ये पडून सांगितलं की माझा निर्णय प्रामाणिक आहे, पण मुख्य प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, म्हणजे पदवी पुढच्या सत्रावर जाईल. कंपनीच्या बाई म्हणाल्या, आम्ही कळवू. कळवू म्हणजे काय हे तिसऱ्या सत्रात सगळ्यांना समजायला लागतं.

दार उघडलं तर जिन्यावर आई होती, हातात माझं ताट. भात, वरण, वांग्याची भाजी, दोन वडे. मी जेवले नव्हते हे तिच्या लक्षात आलं होतं. ताट खाली ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. “झालं का तुयं?” “झालं.” “पास?” “नाही. पुन्हा करावं लागते. नोकरीचंही आता काही खरं नाही.” “काहून?” मी ते तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं, माझा अभ्यास काय असतो ते. मग जमेल तसं सांगितलं. “बाबूजी गेले तवा बजार बंद होता नं. त्या दिवसांचा भावच नव्हता कोठी. मायावाल्या हिशोबात मशीननं आदल्या दिवसाचाच भाव पुढं भरून ठेवला होता. तेच चुकलं. त्याच्यावर मी सारं लिहून बसली होती.” आई ऐकत होती. पदराने हात पुसत होती, ते कोरडेच होते. “आदल्या दिसचा,” ती म्हणाली. “म्हंजे गुरवारचा?” “हो.” “गुरवारी पयला लिलाव यायनंच केला. सकाळी गेले, लिलाव बोलले, घरी आले, जेवले.” ‘यायनं’ म्हणजे बाबूजींनी; आई त्यांचं नाव घेत नाही. संकेतस्थळावरचा भाव सगळ्या बाजाराचा मिळून असतो, एका माणसाचा नसतो, हे तिला सांगावंसं वाटलं नाही. “म्हंजे तुया तिथं,” आईने माझ्या लॅपटॉपकडे हात केला, पण त्याला लावला नाही, “यायनं बोललेला भाव गेल्यावरबी चालूच होता.” “हो, सोमवारपर्यंत.” खाली कोणीतरी ताटं गोळा करत होतं. मला त्या क्षणी नोकरीचं काही वाटेना, सत्राचंही नाही. आईने विचारलं, “त्याच्यानं कोनाचं काही बिघडत होतं का?” मी विचार केला. खरोखर विचार केला, जसा परीक्षेत करते तसा. “नाही,” मी म्हणाले. “मंग राहू द्याचा होता नं, बाई.”

मी तो सकाळीच, खाली वडे तळले जात असताना, काढून टाकला होता.